मळे

साडेआठला गाळणं उचलायचं,
बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं,
डोळा पाण्याच्या रेषेपर्यंत खाली आणायचा.
मामंजी असेच वाचायचे, गुडघ्यांवर बसून,
श्वाससुद्धा आवरून.

वहीचा मथळा कानडी: मळे.
मी कागलकडची. इथं आल्यावर
अक्षरं आधी शिकले, अर्थ मागाहून.
विचारलं, "रोज मळे मोजता? कुणाचे?"
लुमाण्णा घाडी तेवढे एकदाच मोठ्यानं हसले.
"मळे म्हणजे पाऊस गे. त्यांच्यात."
आणि मापटं पुसत,
"आपल्यात मळे म्हणजे मळेच."

तेव्हा बंगल्याच्या पाठीला रान टेकलेलं.
किंदळ, मत्ती, नाणा,
आणि नावं ठाऊक नसलेली पुष्कळ.
पाऊस थांबला तरी आत तासभर पडत राहायचा,
पानावरून पानावर, उशिरा घरी येणाऱ्यासारखा.
चैत्रात दुपारी तीनला रानातून वाफ उठायची,
भाताच्या तपेल्यावरचं झाकण हलावं तशी.
चारला जांबोटीकडं काळं. पाचला वळीव.
साडेपाचला कोंबड्या पुन्हा अंगणात.
जुन्या वहीत चैत्र-वैशाखाचे अकरा दिवस, तेरा दिवस,
एका साली सतरा.
शाई फुटलेली, कारण लिहिताना छप्पर गळत होतं.

पहिली कुऱ्हाड आमचीच.
चार एकर. आधी रताळी, मग कारखाना आल्यावर ऊस.
खोडं निघाली, मुळं निघेनात,
त्यांना आग लावली तर तीन दिवस धुमसत राहिली,
ओली होती इतकी आतून.
त्या पैशानं मष्णूचं कॉलेज झालं, न्हाणीघर झालं.
मग देसायांची उतरण गेली, मग आल्यासाठी
भाड्यानं घेणारे आले, पिवळी यंत्रं आली.
रात्रीसुद्धा दिवे लावून चालायची.

मृगाचं येतं अजून. ते समुद्राचं,
त्याला आमच्या गावाची वाट विचारावी लागत नाही.
वळीव आमचा होता.
आमच्याच पानांनी वर धाडलेलं पाणी
संध्याकाळी आम्हालाच परत मिळायचं.
आता ढग येतो, नांगरटीवर घुटमळतो,
खालून कढत वारा त्याला ढोसतो,
आणि तो भीमगडाच्या अंगाला जाऊन रिकामा होतो.
इथून दिसतं. गडगडाटही ऐकू येतो.

बेळगावहून होसमनी साहेब आले तपासायला.
आकडे पडलेत, यंत्र बिघडलं असेल.
मोजून पाणी ओतलं, मोजून परत काढलं.
थेंबाचा फरक नाही.
"सरि इदे," म्हणाले. बरोबर आहे.
मी दारातून उसाच्या सरी बघत होते.
"हे यंत्र आधी झाडीत होतं का?"
"यंत्र हललं नाही साहेब."
ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले.
मग शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं,
बारीक अक्षरात. मला लागलं नाही.

शेवटी मामंजींना दिसेना.
खाटेवरून विचारायचे, "आज किती?"
शून्य सांगून सांगून एकदा मी म्हटलं, "तीन मिलिमीटर."
त्यांनी नाक खिडकीकडं वळवलं,
बराच वेळ हुंगत राहिले.
"लिहू नको ते," म्हणाले.

परवा, वैशाखातला बारावा कोरडा दिवस.
गाळणं उचललं तर तळाशी चमक.
शून्य पूर्णांक चार.
आभाळ रात्रभर चांदण्यांनी भरलेलं, मी जागी होते.
मग लक्षात आलं:
पलीकडच्या उसात रात्री स्प्रिंकलर लावला होता,
वाऱ्यानं फवारा इकडं आणला.
बोअरचं पाणी, सहाशे फुटांवरचं.
वही उघडली.
मथळा वाचला, त्यांच्यात वाचला, आपल्यात वाचला.
आकडा लिहिलाय, पेन्सिलीनं.
खोडरबर पोरीच्या दप्तरात आहे,
ती शाळेतून चारला येते.