परतीच्या फेरीचा पाला

ओतूरचा माल तुर्भ्याला उतरवला
की पहाटे तीनला गाड्यावर उरतो तो पाला.
कोबीची वरची पानं,
हमालांच्या टाचांखाली चेचलेली, आंबूस.
फुकट. हिशोब कोणी विचारत नाही.
मला वाटलं, टेम्पो रिकामा कशाला खडखडवायचा घाटापर्यंत?
टोकावड्याच्या अलीकडं
चांगुणाबायचं पाऊण एकर,
बांधाला काळूचं पाणी.

सलग तीन हिवाळे ओतला.
ती ओलाच पसरायची, वर युरिया फेकायची,
आणि भाऊबीजेला ताट फिरवता फिरवता म्हणायची,
"तुझ्या साडीपेक्षा तुझा पाला बरा."

चौथ्या साली
कोबीनं एका अंगाला मान टाकली.
अर्धं पान हिरवं, अर्धं पिवळं,
हळद लागता लागता मंडपातून उठल्यासारखं.
दुपारी लवायचा, सांजेला सावरायचा.
एका सांजेला सावरला नाही.

बायनं विळ्यानं देठ आडवा कापला.
आत तपकिरी कडं,
कपानं फळीवर सोडलेल्या डागासारखं.
बोलली काहीच नाही.
फक्त माझ्या गाडीच्या हौद्याकडं बघितलं.

मुरबाडच्या कचेरीत रेवती सुरोशे नावाची पोर.
तिनं मातीचा कागद वाचला: सामू पाच पूर्णांक दोन.
"आंबट झालीय तुमची जमीन, मावशी.
आणि मर मातीत असते, पाल्यातून आली असेल.
ती मरत नाही, निजते."
बायनं पिशवीतली चिमूट जिभेवर ठेवली.
"चिंचेएवढी नाय," म्हणाली.

चैत्रात चुना पडला.
जुन्या लुगड्याची पुरचुंडी, बाय वाकलेली,
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या,
वाऱ्याला शिव्या.
मी म्हटलं, शेणखतही आजच उरकू, गाडी आहे हाताशी.
"दोघी एका दिवशी नाय," ती म्हणाली,
"सवती हायत त्या. रेवतीनं बजावलंय."

महिन्यानं सावलीत ढीग लागला.
शेणखत, निंबोळी पेंड,
आणि पुडीतली ती पूड, जिचं नाव
बायच्या तोंडात 'टायकोडामा' असं बसलं.
वर ओलं गोणपाट.
आठव्या दिवशी ढिगावर हिरवी बुरशी चढली
तेव्हा तिनं शेजारणीला हाक मारून दाखवली.
जन्मभर भाकरीवरची बुरशी उकिरड्यावर फेकलेली बाई,
हिच्यावर मात्र रोज पाणी शिंपडायची
लेकराचं अंग पुसावं तशी.

कोबी नाही. फ्लॉवर नाही. मुळासुद्धा नाही,
एकाच कुळातले सगळे.
एका हिवाळ्यात वाल, एका हिवाळ्यात काकडी.
पावसाळ्यात ताग.
ताग फुलला तेव्हा वावर परत पिवळं,
आणि मला बांधावर उभं राहवेना.
पण हे पिवळं ताठ होतं.
तिनं ते फुलात असतानाच गाडलं.
ट्रॅक्टरवाला हळहळला, "दाणा तरी धरू द्यायचा."
बाय म्हणाली, "जमिनीचं जेवण हाय. तू जेवून जा घरला."

युरियाच्या गोणीची आता चटई झालीय.
पोटॅश मात्र ती मोजून देते,
चहाच्या डब्याच्या झाकणानं.

आणि मी?
मी रिकामा येतो.
घाटाच्या वळणावर हौद्याची साखळी वाजते,
उगाच कुणी हाक मारल्यासारखी.
भाऊबीजेला गाडी बांधाबाहेर.
दारात बादली, खराटा, चुन्याचं पाणी.
"चाकं धू. चपला पन."
ताटातली वात वाऱ्यानं आडवी होते,
तरी ती थांबते, टायरच्या खाचेत
घाटावरची माती दिसत नाही तोवर.

यंदा दोनच ओळी लावल्या.
मोजून बासष्ट रोपं, सामू सहा पूर्णांक चार.
सात गेली. त्याच अंगाला मान टाकून गेली.
तिनं ती मुळासकट उपटली, चुलीत घातली,
खड्ड्यात मूठभर चुना, वर पाय.

काल एक भरलेला गड्डा तिनं माझ्या हातात दिला,
वर विळा.
"तू काप. माझा हात होत नाय."
कापला.
देठ आत पांढरा,
खोबऱ्यासारखा, कडेपर्यंत.

"दुसरा कापून बघू का?"

"नको," बाय म्हणाली, डोळे न उचलता,
"बाकीचे इकायचेत.
तुर्भ्याला नेशील ना?
पाला हितंच काढून ठेव."