ढगाचं भाडं

पत्र सगळ्यांना एकाच सकाळी आलं, गुरुवारी,
जाळ्या धुवायचा दिवस तो.
'प्रिय ग्राहक' असं गोड सुरू होऊन
चौथ्या परिच्छेदात मुद्द्यावर येणारं:
मोफत साठवण बंद. एकतीस तारखेनंतर
भाडं भरा, नाहीतर आपापलं उचलून न्या.

दुपारपर्यंत अख्खं गाव माझ्या दुकानात.
मी पाव विकते, बॅटऱ्या, रिचार्ज,
आणि सहा वर्षांपूर्वी
प्रत्येकाच्या फोनमध्ये हे मीच बसवून दिलं होतं.
"फुकट आहे," म्हणाले होते, "कायमचं."
कायमचं हा शब्द माझ्या पदरचा.
त्यांच्या अटींत तो कुठेच नाही.
अटी मी काल रात्री पहिल्यांदा वाचल्या.

यास्ना तावातावानं म्हणाली, ही लबाडी आहे,
आधी सवय लावायची, मग सवयीला कुलूप.
तिनं कंपनीला लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
ओस्वाल्दोचं उलटंच.
त्यांनी ओसरी दिली, आपण पाय पसरले,
आता ते दिवे मालवतायत, त्यात काय चुकलं?
गाजराची पुंगी होती, बाई. सहा वर्षं वाजली की.
नेलिदा गप्प. तिनं पहाटेच पैसे भरले होते
आणि आता तोंड लपवत होती,
संपाच्या दिवशी एकटीच कामावर गेल्यासारखी.

एउसेबियो सगळ्यांच्या मागे,
पाणबुड्याचा सूट कमरेपर्यंत सोललेला, टपकत.
त्याच्या भावाचे तीनशे बारा निरोप आहेत तिथे,
भावाच्याच आवाजात, बहुतेक फुटकळ:
डिझेल आण. दोरी कुठे ठेवलीस?
समुद्र आज खराब आहे, जाऊ नकोस.
"तिथे म्हणजे नेमकं कुठे?" त्यानं विचारलं.
मी सवयीनं वर बोट केलं.
त्यानं खरंच वर पाहिलं.
छताचा पत्रा, आणि एक माशी.

चिलीच्या या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही.
ढग येतो तो पायी, समुद्रावरून,
डोंगराच्या कमरेला घासत.
आम्ही त्याच्या वाटेत जाळ्या ताणून ठेवतो,
थेंब पन्हळीत, पन्हळ पिंपात,
तेवढ्यावर भांडी, भाज्या, आंघोळी.
"या ढगानं कधी पत्र नाही पाठवलं," यास्ना म्हणाली.
"तीन वर्षं आला नव्हता," ओस्वाल्दो म्हणाला,
"तेव्हा कुणाला लिहिलं होतंस?"

सिग्नलही वरच, जाळ्यांपाशी.
म्हणून तीस तारखेला रात्री सगळे वर चढलो,
घोंगड्या, थर्मास, कुणाची तरी ट्रकची बॅटरी.
खांबाखांबाला फोन बांधले
आणि धुक्यात बसून राहिलो,
ओल्या काचेवरचे टक्के पाहत.
बाप्तिस्मे, लग्नं, विम्यासाठी काढलेले
फुटक्या होडीचे चाळीस फोटो,
सगळं उतरत होतं, थेंबाथेंबानं.
पिंप आधी भरलं.

एउसेबियो एकसष्ट टक्क्यांवर अडकला.
जे उतरलं होतं त्यातलं एक त्यानं लावून पाहिलं:
दोरी कुठे ठेवलीस?
धुक्यात तो आवाज इतका जवळचा वाटला
की नेलिदा दचकून म्हणाली, "शेडमध्ये, खिळ्याला,"
आणि मग स्वतःच हसली, आणि कुणीच हसलं नाही.

एक सांगायचं राहिलं.
त्या आठवड्यात मी पेनड्राइव्ह
पाचशे पेसोंनी चढवून विकले.
शहरातून आणायचा खर्च, म्हटलं.
कुणी हुज्जत घातली नाही.
फक्त यास्नानं नाणी एकेक मोजून
काउंटरवर मांडली, पेनड्राइव्ह उलटासुलटा करून पाहिला
आणि विचारलं, "किती दिवस टिकतो हा?
कायमचा?"