अख्खा बदाम

बदकं सात, आणि ओव्हन तिच्या घरात एकच.
म्हणून बोडिलने आदल्या रात्री
आमच्या इमारतीचे चारही मजले पालथे घातले,
दारं वाजवून विचारलं,
उद्या दुपारी तुमचा ओव्हन मोकळा आहे का?
हिद्दमध्ये असं कुणी विचारत नाही.
लोक कोथिंबीर मागतात, फार तर इस्त्री.

चोवीस डिसेंबर. गोदीकडून खारं वारं,
आणि सत्तरीची ही बाई
हातात डाव घेऊन जिन्यात.
शेर्लीचा ओव्हन डावीकडून जाळतो,
हालाचा खोटं बोलतो,
दोनशे म्हणतो, असतो एकशे सत्तर.
रोवेनाच्या ओव्हनमधून आधी चपलांची खोकी काढावी लागली.
बदकांच्या पोटात सफरचंद, आलुबुखार;
पोटं शिवली माझ्या गोधडीच्या दोऱ्याने.
दर वीस मिनिटांनी ती वाकायची,
सुटलेली चरबी पाठीवर ओतायची
आणि कान लावायची.
चाखत नव्हती. ऐकत होती.
"अजून बडबडतंय. गप्प झालं की उलटू."

खाली वॉचमन मोक्तार
तिच्यासाठी लिफ्टचं दार पायाने अडवून उभा.

मला बटाटे दिले, लिंबाएवढे, आठ किलो.
मग साखर. कढईत कोरडी, पाण्याचा थेंब नाही.
मी उलथनं घातलं, तिने मनगट धरलं.
अगं, मला पाक कळतो!
एकतारी, दोनतारी, गोळीबंद,
वेंगुर्ल्यात कुणाची टाप नव्हती माझा हात धरायची.
इथे नुसतं उभं राहायचं होतं.
कडेने पिवळी झाली, मग मधाची,
मग न घासलेल्या पितळेची,
तेव्हा लोणी, आणि बटाटे, तेही मुद्दाम ओले करून.
कोरडे टाकले तर पाक रुसतो म्हणे.
हे आमच्याकडे कुणाला माहीत नाही.

लाल कोबी डाळिंबाच्या रसात शिजला.
तिच्या गावचं आंबट फळ इथे मिळत नाही.
त्याबद्दल ती काही बोलली नाही,
आणखी अर्धं डाळिंब पिळलं फक्त.

गच्चीवर बेचाळीस माणसं.
गोदीतले वेल्डर, रात्रपाळीच्या नर्सा, कुणाचा तरी मेहुणा.
बदक हाडापर्यंत संपलं,
बटाट्यांवरून दोन मोठ्या माणसांत भांडण.

शेवटी खीर. थंडगार,
साय फेटून घातलेली, वर चेरीचा गरम रस.
आत कापलेले बदाम, आणि एकच अख्खा.
ज्याला मिळेल त्याने गालात दडवायचा,
पातेलं संपेपर्यंत बोलायचं नाही.
बक्षीस तिच्या देशात डुक्कर असतं, बदामाच्या गोळ्याचं.
इथल्या पंगतीकडे बघून तिने सुरमई वळली,
चमच्याच्या टोकाने खवले काढले.

पातेलं संपलं.
कुणीच बोलेना.
आम्ही एकमेकांच्या गालांकडे बघितलं,
मेहुण्याला तोंड उघडायला लावलं.
"घातला होता मी," बोडिल म्हणाली.
मग पुन्हा एकदा म्हणाली.
रात्री भांडी विसळताना तिसऱ्यांदा,
पण तेव्हा मला विचारल्यासारखं.
मी पाहिलं नव्हतं. मी बटाट्यांपाशी होते.
सुरमई झाकून फ्रीजमध्ये ठेवली तिने,
शेपटी जरा वाकली.

सकाळी दूध आणायला उतरले
तर मोक्तार खुर्ची सोडून जवळ आला,
इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.
काल त्याची वाटी मीच खाली पोचवली होती,
ड्यूटी होती त्याची.
"खीर फार छान होती, भाभी.
फक्त एक बदाम चिरायचा राहून गेला होता.
वय झालंय बाईंचं, होतं असं.
मी चावून टाकला.
कुणाला बोललो नाही."

मी लिफ्टचं बटण दाबलं.
मग जिन्यानेच धावले,
लिफ्ट फार वेळ लावत होती.