उपटलेल्या झाडांचा रकाना

तक्ता तालुक्याहून मार्चात येतो, जुलैत भरून द्यायचा:
लावलेली झाडे, संख्या. जगलेली झाडे, संख्या.
सोबत विद्यार्थ्यांसह फोटो जोडावा.

आमच्या शाळेत त्यासाठी एक खड्डा आहे,
हापशीच्या डाव्या अंगाला.
दरवर्षी त्यात एक रोप उभं राहतं,
आम्ही सगळे त्याला एकेक बोट लावून हसतो,
पुढचं काम बकऱ्या दिवाळीआधी उरकतात.
खड्डा मात्र जगला. यंदा सात वर्षांचा झाला.

खेमेश्वरी नान्हे, सहावी, हजेरी क्रमांक चार,
उभी राहून म्हणाली, "सर, यंदा लावाचं नाई. उपटाचं."
काय उपटायचं?
"तऱ्यातली बेशरम."

तलाव मालगुजारीच्या काळचा, पार गावाहून जुनी.
मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर,
काठावर उभं राहून
पाण्यातल्या सगळ्या हिरव्याला शेवाळ म्हणणारा.

खिचडी शिजवणाऱ्या फुलवंताबाईंनी झारा खाली ठेवला,
लुगड्याचा काष्टा खोचला आणि उतरल्या.
"हे गाद, खाली लपते. हे चिला. चौरा वर पसरते.
देवधान आपल्या मनानं येते, त्याले पेरा लागत नाई.
अन् जेथं बेशरम, तेथं यातलं एक बी नाई.
मंग मासोळीनं अंडे कुठं टाकाचे गा सर,
तुमच्या खुर्चीवर?"

मुलं हसली. मीही, जरा उशिरा.

एप्रिल. पाणी गुडघ्याखाली.
सरपंच म्हणाले, जेसीबी देतो, एका दुपारचं काम.
खेमेश्वरीनं मान हलवली.
जेसीबी तुकडे करते, आणि बेशरमीचा एकेक तुकडा
म्हणजे पुढच्या वर्षीची एकेक बेशरम.
तिचं नाव उगाच पडलेलं नाही.
ती मुळासकट यावी लागते, हातानं,
चिखलात कोपरापर्यंत जाऊन, मुळाशी बोट पोचेस्तोवर.

सहा रविवार. चौतीस पोरं.
तेजराम कुमरे पारीवर बसून
दर दहा मुळ्यांमागे एक चिंचोका डब्यात टाकायचा.
त्याच्या पायाला जखम होती, पाण्यात मनाई.
पहिल्या दिवशी तो रडला.
तिसऱ्या रविवारी कुणी त्याची जागा मागितली,
तर देईना.
उपटलेला ढीग पारीपलीकडे उन्हात वाळत राहिला,
पाण्यापासून लांब,
आणि पोरांच्या अंगाला येणारा तो वास
वर्गात, डब्यात, माझ्या हजेरीपटातसुद्धा.

मोकळ्या चिखलात मग फुलवंताबाईंनी
शेजारच्या बोडीतून आणलेले गादेचे जुडगे रोवले,
मुलांनी ते पायाच्या अंगठ्यानं दाबले.
"हे लावलेली झाडं धराची का?"
बाई म्हणाल्या, "हे तं आपल्या घरी परतलेले पाहुणे.
मोजू नोको."

जुलैत मी तक्ता पुढे घेऊन बसलो.
उपटलेल्या झाडांना रकाना नव्हता.
शाईचं पेन हातात, लावलेली झाडे, आणि पुढे
ती रिकामी चौकट.
खेमेश्वरी खिडकीतून म्हणाली,
"शून्य लिहा ना सर. तुम्हीच तं शिकवलं,
शून्य बी संख्याच हाय."

लिहिलं शून्य.
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, नऊ हजार चारशे दहा,
आणि फोटो जोडला.
आठ दिवसांनी फोन आला:
गुरुजी, तुमच्या फोटोत तर नुसतं पाणी दिसतंय.

हो, म्हटलं.
पलीकडून थोडा वेळ कुणी बोललं नाही.

पोळा झाला. एका दुपारी मैदानात आरडाओरड.
डुलेश वघारेनं उन्हाळ्यात स्टंपासाठी
काठावरच्या तीन काड्या तोडून रोवल्या होत्या,
कशाच्या, ते कुणी पाहिलं नव्हतं.
तिन्ही फुटल्या. मधल्या स्टंपावर
एक जांभळट फूल, ऐटीत.
जिंकायला अकरा धावा हव्या होत्या.
डुलेश बॅट घेऊन आडवा झाला, पण ती
थेट पिचवर आली, वाकली,
मातीत बोटं घातली, आणि मुळं मोडू न देता
एकेक करून तिन्ही काढले.

मग चिखलाच्या हातानं ऑफिसच्या दारात उभी:
"सर, अजून तीन लिहा."