सातशे तीस

पाच वर्षांत सातशे तीस दिवस.
सलग नकोत, सुटे चालतात,
मोडून, चिल्लर करून,
फक्त तिथल्या जमिनीवर उभं राहून काढलेले हवेत.
माझ्या खात्यात पाचशे अठ्ठ्याण्णव.
बाकीचे इथे खर्च झाले,
नाशिकरोडला, जेल रोडच्या तिसऱ्या मजल्यावरून
सोम, बुध, शुक्र
अण्णांना हाताला धरून रिक्षात बसवण्यात.

आलो होतो तीन आठवड्यांसाठी.
परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं,
तिसऱ्यांदा पैसे बुडाल्याचा मेसेज आला,
मग तो विषयच निघाला नाही.
विनिपेगला हरजोतच्या कपाटात माझं जाड जॅकेट आहे.
तो मधूनमधून फोटो पाठवतो,
गाडी बर्फाखाली, नुसता आरसा बाहेर.

अण्णा प्रेसमध्ये होते. चौतीस वर्षं.
नोटांच्या नाही, दुसऱ्या,
जिथे पासपोर्ट छापतात.
लोक ज्या वह्या घेऊन उडाले
त्या आधी यांच्या हाताखालून गेल्या,
कोऱ्या, बिननावाच्या, बिनचेहऱ्याच्या.
स्वतःचा कधी काढला नाही.
"रोज बघतो तेवढे पुरे," म्हणायचे.

एका बुधवारी, सुया नसलेला हात पुढे करून
त्यांनी माझं कार्ड मागितलं.
चष्मा कपाळावर सरकवून खिडकीकडे धरलं,
तिरपं केलं, नखाने कड तपासली.
"छपाई चांगली आहे."
मग तारीख वाचली
आणि कार्ड परत दिलं.
मशीन फिरत राहिलं.
फिरोज येऊन वजन लिहून गेला.

कॉलेज रोडच्या गायधनी मॅडम म्हणाल्या,
माणुसकीच्या कारणाखाली अर्ज करता येतो.
खात्री नाही, पण येतो.
प्रत्येक पावती जोडा.
तुमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं का, असं विचारतील.
बहीण आहे ना तुमची?
आहे, सिडकोत.
तिला दोन मुलं, एक पिठाची गिरणी आणि गुडघे आहेत.
हे इंग्रजीत कसं लिहायचं
ते मी विचारलं नाही.

काल बिटकोला झेरॉक्सच्या दुकानात
दोनशे चौदा पावत्या.
दोनशे चौदा वेळा अण्णांचं नाव,
आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, सही.
बापाला असं गठ्ठ्याने बघायची सवय नव्हती.
दोन्ही बाजू काढू का, पोरगा म्हणाला.
मागे कोरं आहे, म्हटलं,
आणि एक उलटून दाखवली.

कोरं नव्हतं.
पेन्सिलीने, कोपऱ्यात, त्यांचा तो प्रेसमधला बारीक आकडा:
अकरा.
पुढच्या पावतीमागे नऊ. मग सात. चार. दोन.
आणि एका शुक्रवारी शून्य,
खाली दोन रेघा, हिशेब मिटवल्यावर मारतात तशा.

मी कधी निघालो तर भरून निघेल,
हे ते माझ्या आधीपासून मोजत होते.
तो शुक्रवार मला आठवला.
घरी येताना त्यांनी रिक्षा थांबवली,
गाडीवरून अर्धा किलो द्राक्षं घ्यायला लावली.
त्यांना चालत नाहीत, म्हणून मला.
मी खात होतो, ते बघत होते,
मग चार मणी त्यांनीही तोंडात टाकले
आणि "फिरोजला सांगू नको," म्हणाले.

प्रेसमध्ये पाळी सुटली तरी
मोजदाद जुळेपर्यंत कोणाला घरी सोडत नसत.
एक कागद कमी, की सगळे आत.
आई रात्री दोनपर्यंत ताट झाकून बसायची.
आल्यावर एवढंच सांगायचे: "एक कमी येत होता."

माझे एकशे बत्तीस कमी येतात.
अर्ज टेबलावर आहे, गठ्ठ्याला दोरी बांधली आहे.
आतल्या खोलीत अण्णा कुशीवर वळले,
पाणी मागतील, अर्धा कपच द्यायचं.
फाटक बंद.
उद्या सोमवार, साडेसहाची पाळी.