सव्वातेरा हजार

बजेट सोळा हजार. त्यातले अडीच आधीच
पायांतल्या पंखांना गेले,
वाशीच्या एका मुलाकडून घेतले, त्याने ते
एकदाच वापरले आणि लग्न केलं.
उरले साडेतेरा. नोटांना आडवं रबर,
पतपेढीत आम्ही लावतो तसं.

सारसोळे जेट्टीच्या अलीकडे
धर्माजी मेहेरांनी ओट्यावर गोणपाट अंथरलं.
जाकीट, रेग्युलेटर, गेज,
शिशाचे चार तुकडे आणि एक सुरी.
सुरी लगेच परत उचलली.
"ही विकायची नाय."

मी यादी करून गेले होते.
नळ्यांना पीळ द्यायचा, भेग असली तर तोंड उघडते.
मग बाटलीला लागतो तो भाग अंगठ्याने बंद करून
दुसऱ्या टोकाने श्वास ओढायचा.
आला, तर घ्यायचा नाही.
ओढला. आला नाही.
गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं,
धर्माजी म्हणाले, "बरोबर. नाय आला तो चांगला."

बाटली मला परवडणारच नव्हती.
तरी तिच्या खांद्यावरचा शिक्का त्यांनी
बोट ठेवून दाखवला. तपासणीला नऊ वर्षं झालेली.
"फुकट दिली तरी घेऊ नको," म्हणाले,
आणि कोपऱ्यात, छत्र्यांशेजारी उभी केली.

गेजच्या काचेवर ओरखडे.
सगळे एकाच जागी, एकावर एक,
काटा धुक्यातल्यासारखा.
साडेतेरा सांगत होते.
मी म्हटलं, याचे पाचशे कमी करा.

ते म्हणाले, मास्कला टेकवून वाचायचो.
खाडीत, पुलाच्या खांबाशी.
टॉर्च लावली तर चहात पेटवल्यासारखी.
काचेला काच भिडली की मग कुठे
कळायचं, हवा किती राहिली.
एकवीस वर्षं. कालवं चाचपायची,
पटाशीने खरवडायची,
सिमेंटला तडा आहे का, बोटाने वाचून
वर येऊन साहेबाला सांगायचं.
मासे?
पायाला लागून जायचे.
कुठला, ते काय माहीत.

"तू कुठं बुडणार?"
तारकर्लीला. जमलं तर पुढे अंदमान.
"किती दिसतं गो तिथं?"
चांगल्या दिवशी दहा मीटर. पंधरासुद्धा.

त्यांनी ओट्यावरून समोर पाहिलं.
उभी रिक्षा, निळं पिंप, दोरीवर जाळं,
नजरेनेच वाव मोजत मोजत
पलीकडच्या हिरव्या दाराशी थांबले.
"त्या दारापरेंत?"
हो.
"सगळं?"
सगळं.
तेवढ्यात त्या दारातून एक बाई
बादली घेऊन आली, पाणी फेकलं, आत गेली.
आम्ही दोघांनी बघितलं.

त्यानंतर मी पाचशे मागितले नाहीत.
खोटं कशाला, अडीचशे मागितले. मिळाले.

नोटा मी दोनदा मोजल्या, त्यांनी एकदाही नाही.
मग पकडीने रेग्युलेटरची पट्टी तोडून
तोंडात धरायचं रबर काढलं,
दातांचे खड्डे पडलेलं, डावीकडे जास्त,
आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.
"हे नवं घे. दीडशाला भेटतं.
हवा दुसऱ्याची चालते, दात नाय."

रात्री घणसोलीत, जाकीट तोंडाने फुगवून
खुर्चीवर बसवलं. गळतं का, ते सकाळी कळणार.
बाबा पाणी प्यायला उठले आणि दचकले.
"कोण आलंय?"
कोणी नाही, झोपा.
झोपले, पण स्वयंपाकघराचा दिवा
त्यांनी तसाच ठेवला.

सकाळी डावा खांदा जरा उतरलेला.
साबणाचं पाणी लावलं. झडपेपाशी
एक बुडबुडा, सावकाश,
फुटायची घाई नसलेला.

उरलेले अडीचशे.
रबर, दीडशे.
वॉशर, चाळीस.