आजारांची वही

दोनशे पानी, लाल कव्हराची.
पुढून सहावीचा भूगोल,
मागून पप्पांचे आजार, तारखांसह.

१२ जून : ताप.
३ जुलै : जुलाब.
२१ जुलै : पाठीत उसण.
८ ऑगस्ट : गावी चुलतआजी वारल्या.
(ह्या चुलतआजीला मी दोनदा मारलं.
दुसऱ्यांदा नुसतं अत्यवस्थ करून सोडायला हवं होतं.)

कात्रक रोडला भानुशालीच्या दुकानाबाहेर
लाल डब्याचा फोन. आत रुपया.
डेपोचा नंबर अजून पाठ आहे,
डोक्याला नाही, बोटाला.
“हॅलो, बिर्जे फिटरची मुलगी बोलते.
आज पप्पांना बरं नाही.”
टाइमकीपर तोडणकर आधी खोकायचे,
मग विचारायचे, “काय झालंय?”
भानुशाली तोवर उगाच
गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकलायचा.

आईनं कधी फोन केला नाही.
तिला खोटं बोलता येत नाही, म्हणायची.
मला येतं, हे कधी ठरलं आठवत नाही.
ती रोज सकाळी खाकी शर्टाला इस्त्री करायची,
आधी कॉलर, मग बाह्या,
आणि तो घालणारा माणूस
मोरीच्या कठड्यावर गाल टेकून झोपलेला.
शर्ट खुंटीला ताठ.
आमच्या घरातला सगळ्यात सरळ उभा पुरुष.

हेरंब धाकटा. त्याला कुणी काम नेमलं नव्हतं,
म्हणून त्यानं स्वतःच शोधलं.
आमच्याकडे भांडी पडायला लागली
की शेजारी चाफेकर काकूंकडे जायचा
आणि त्यांचा टीव्ही मोठा करायचा.
काकूंना वाटलं, पोराला ऐकू कमी येतं.
स्वतःच्या पैशानं टॅक्सी करून
केईएमला कान तपासून आणले.
कान उत्तम होते.

पप्पा वाईट नव्हते.
हे वाक्य मी लिहिते, खोडते, परत लिहिते.
एखादा रविवार यायचा,
ते स्वतः बोंबील साफ करायचे, गॅलरीत बसून,
आणि खालून बस गेली की मान न वळवता सांगायचे,
“हिचा क्लच गेलाय. महिनाभर काढेल.”
रात्री जिन्यात पाय वाजले
की आम्ही दोघं अंथरुणात तसंच ऐकायचो,
आज काय निकामी झालंय,
किती वेळ काढेल.
कान त्यांचाच होता आमचा.

फेब्रुवारीत त्यांचे डोळे पिवळे झाले.
मी रुपया टाकला.
“पप्पांना कावीळ झालीय.”
तोडणकर खोकले.
“बाळा, कावीळ मागच्या दिवाळीत झाली होती.
मी ताप लिहितो.”
घरी येऊन पाहिलं. खरंच होती, दिवाळीत.
म्हणजे वही त्यांच्याकडेही होती.
सांगायचं होतं की नाही, आज खरं आहे,
तुम्ही येऊन बघा,
पण टूं टूं झालं
आणि माझ्याकडे दुसरा रुपया नव्हता.

आता मुलुंडला पालिकेच्या दवाखान्यात
आयाबायांची हजेरी माझ्याकडे असते.
परवा सकाळी आठ दहाला
सरोज पड्याळच्या मोबाइलवरून फोन आला.
मुलगा. नऊ-दहा वर्षांचा असेल.
कागदावरचं वाचल्यासारखं,
“मॅडम मम्मीला चक्कर येते
ती आज येणार नाही.”
मागच्या महिन्यात चक्कर दोनदा झाली होती.

मी आधी खोकले.
मलाच दचकायला झालं.
रजिस्टरात ‘ताप’ लिहिलं
आणि विचारलं, “तू काही खाल्लंस का रे?”

पलीकडे काहीच नाही.
हे त्यानं पाठ केलं नव्हतं.
हल्ली रुपया संपत नाही,
फोन आपोआप तुटत नाही.
मी कानाला धरून बसले.
मागे कुठेतरी कुणीतरी
टीव्ही मोठा केला.